बेदम म्हणजे किती

३ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र मी प्रेमापोटी लिहिते आहे असा गैरसमज करून घेऊ नकोस. गुणांसाठी लिहिते आहे. आमच्या पत्रकारितेच्या सरांनी फर्मान काढलंय की वर्षभर प्रत्येकाने घरच्या एका माणसाला हाताने पत्रं लिहायची, आणि त्याचं उत्तर आलं तरच पत्र वाचलं गेलं असं धरून गुण मिळणार. बाकीच्या मुलींनी आईला लिहिलं. आपल्याकडे आता आईही तूच आणि बापही तूच, तेव्हा भोग आपल्या कर्माची फळं.

सरांना आम्ही खोडरबर म्हणतो. वीस वर्षं त्यांनी गुन्ह्यांच्याच बातम्या केल्या, आणि आता आमची विशेषणं खोडतात. कॉलेज तू पाहिलं नाहीस. खालच्या मजल्यावर गाड्या दुरुस्त करायचा वर्ग, वरच्या मजल्यावर केस कापायचा, आणि मधे आम्ही. हातोड्यांच्या दणदणाटात बातम्या वाचायला शिकतो. रोज सकाळी पोलीस ठाण्यात आणि मोठ्या इस्पितळात फोन करून "काही आहे का?" असं विचारायचं. काही म्हणजे कोण मेलं, कोणाला मारलं. परवा मी लिहिलं, 'तरुणाला बेदम मारहाण'. खोडरबरनी विचारलं, "बेदम म्हणजे किती?" म्हणाले, "टाके मोज, हाडं मोज, मारणाऱ्याच्या हातात काय होतं ते विचार. चौकशीचा कंटाळा आलेला माणूस बेदम लिहितो." मग पुन्हा फोन केला. बावीस टाके, एक बरगडी, सायकलची साखळी.

काल त्यांनी 'आयुष्यातलं पहिलं खोटं' यावर लिहायला लावलं. मी आपलं दार लिहिलं. बाबांच्या पट्ट्याने तुझ्या पाठीवर वळ उठले की शेजारच्या काकूंना मी सांगायची, "दादा दारात सापडला." तुझं बोट मोडलं तेव्हाही दारच. एवढं बदनाम दार त्या गल्लीत दुसरं नसेल. तू माझ्या वाटचेही फटके घ्यायचास, आत मोजत राहायचास, आणि बाहेर आलास की न बोलता बोटांनी आकडा दाखवायचास. सगळ्यात जास्त चौदा. मी हे सगळं लिहिलं, रडू आलं तरी लिहिलं. खोडरबरनी एकच शब्द खोडला आणि वही परत दिली.

उत्तर पाठव. दोन ओळीही चालतील. शिव्या नकोत, वर्गात वाचतात.

तुझी,
टकली

११ फेब्रुवारी

टकले,

हमालांच्या मुकादमाला पत्र लिहायला लावणारे तुझे सर एकदा मला दाखव. वर्गात वाचतात म्हणतेस, तर सगळ्यांना कळू दे की उवांमुळे हिचं डोकं तीनदा भादरलं होतं, म्हणून ही टकली.

दाराचं कशाला उकरून काढलंस? बाबा गेले, पट्टाही गेला. पण लिहिलंस ते बरं झालं, असंही एकीकडे वाटलं.

तुला बातमी हवी असते ना, मग घे. मंगळवारी आमच्या बंदरावरच्या मालाच्या यार्डात एक माणूस मेला. शेड नंबर तीनमध्ये. शेड म्हणजे वर पत्रा आणि चारी बाजू उघड्या, तू पाहिली आहेस. फोर्कलिफ्ट मागे येत होती आणि नवीन लागलेला हमाल तिच्यात आणि खोक्यांच्या थप्पीत सापडला. मोठा आवाज नाही झाला. ओलं लाकूड मोडावं तेवढाच. तो उभाच होता. तोंडातून रक्त येत होतं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मुकादम, जरा पुढे घ्यायला सांगा." मशीन पुढे घेतल्याबरोबर तो खाली आला. त्याला उभं धरलं होतं ते मशीननेच. कमरेखाली काही राहिलं नव्हतं. घरी दोन लहान मुलं आहेत त्याला.

अपघात होता. साहेब म्हणतात तो पिऊन आला होता. माणसं म्हणतात ब्रेक गेलेला होता. माणसांच्या तोंडाला कोण हात लावणार? काम बंद करून बसलेत सगळे. तू या भानगडीत पडू नकोस. तुमच्या शहरात मरायला भरपूर माणसं आहेत, त्यांच्यावर लिही.

जेवत जा नीट.

दादा

२४ फेब्रुवारी

दादा,

तू पडू नकोस म्हणालास आणि मी पडले, आता रागव. तुमच्या यार्डातले तीसेक जण इथे कामगार कार्यालयासमोर येऊन बसलेत. खोडरबरनी आमच्या सराव-अंकासाठी मलाच पाठवलं. पहिल्या दिवशी कोणी बोलेना. कार्यालयाचा पहारेकरी दर तासाला काठी आपटत यायचा आणि ज्याचे पाय फरशीवर आले असतील त्याच्या नडगीवर एक ठेवून द्यायचा. एकाची नडगी फुटली, माझ्यासमोर. मी रुमाल दिला. मग एकजण बोलला.

तो म्हणाला, ब्रेक तीन आठवडे लागत नव्हता आणि रोज सकाळी वहीत मशीनपुढे 'ठीक' लिहिलं जात होतं. कोण लिहीत होतं ते विचारलं तर म्हणाला, "ते साहेबलोकांनी शोधावं." मी आपली फुशारकीने सांगून बसले की माझा दादाच तिथे मुकादम आहे. त्यावर त्याने मान फिरवली आणि रस्त्याकडे बघत बसला. घरापासून लांब आहेत बिचारे, तुमची सगळ्यांची आठवण आली असणार. उठताना म्हणाला, "माझं नाव नको हं, ताई. कोणालाच नको." मी वचन दिलं.

अंक सोबत पाठवते आहे. पहिलं पान माझं आहे. नाव कुठेच नाही, नुसतं 'एक कामगार'. खोडरबर नेहमी सांगतात, माणूस डोळ्यांसमोर उभा राहील असा एक तपशील द्या आणि बाकी सगळं खोडा. तसं मी लिहिलं की बोलताना तो गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करत होता. सरांनी समासात 'छान' लिहिलं. वर्षात पहिल्यांदा त्यांनी 'छान' लिहिलंय. मी ते पान चार वेळा उघडून पाहिलं.

आता तू वाच आणि खरं सांग. बहीण म्हणून नको.

टकली

१ मार्च

टकले,

वाचलं. दोनदा वाचलं. बहीण म्हणून नाही सांगत, हात चांगला चालतो तुझा. शिट्टीचं वाचून तर माणूस समोरच बसलाय असं वाटलं.

कुठली शिट्टी होती? प्लास्टिकची की पितळेची? आपलं सहज विचारतोय. यार्डातला कोणी ओळखीचा असेल तर बरं वाटेल, एवढंच. त्याची तब्येत बरी आहे का? पुन्हा भेटणार आहेस का त्याला? एखादा घरी यायचा असला तर मीही भेटेन म्हणतो. संप काय, आज आहे उद्या नाही. माणसं तुटता कामा नयेत.

इथे यार्ड सुनं पडलंय. साहेब रोज बोलावून घेतात. जेवण जात नाही.

दादा

५ मार्च

दादा,

हे पत्र मी सरांना दाखवणार नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते. पितळेची शिट्टी आहे. काळ्या नाडीत, बुटाची नाडी असते तशी. ओळखीचा निघाला का? मला वाटलंच होतं. तुझं मन मोठं आहे, दादा. मुकादम असून संपातल्या माणसाची विचारपूस करतोस.

काल त्याला अंक द्यायला गेले होते. तीन प्रती मागून घेतल्या त्याने. शनिवारी दुपारच्या बसने घरी जाणार आहे, मुलीला वाचून दाखवायला. मुलगी सातवीत आहे. म्हणाला, "तिला सांगेन, यातला 'एक कामगार' म्हणजे तुझा बाप." सोमवारी परत येणार. तेव्हा शनिवारी गाठ त्याला. माझं नाव सांग, म्हणजे खुलेल.

जेवण का जात नाही? डॉक्टरांना दाखव.

टकली

१९ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. पंधरा दिवस झाले. मी घाबरले आहे, म्हणून गुणबिण सोडून लिहिते आहे.

तो परत यायचा होता त्याच सोमवारी इस्पितळात फोन करायची पाळी माझी होती. "काही आहे का?" विचारलं. तिकडून म्हणाले, "बाहेरगावहून एक आणलाय, मारहाणीचा." मी टाके विचारले. ते म्हणाले, "मोजायला इथेच या."

तो होता. मी त्याला ओळखलं नाही, दादा. नाडीवरून ओळखलं. ती उशाशी एका ताटलीत ठेवली होती आणि शिट्टी तिच्यात नव्हती. शिट्टी त्याच्या घशातून चिमट्याने काढावी लागली. तोंडात घालून वरून टाचेने मारलंय. पुढचे पाच दात गेले, जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारेने बांधलाय. उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. पाठीवर पट्ट्याचे वळ आहेत, काही ठिकाणी बकल रुतून चौकोनी भोकं पडलीत. हे सगळं शनिवारी भर दुपारी, तुमच्याकडच्या बसथांब्यामागे झालं. चौघे होते, तोंडाला फडकी बांधलेले. बसमधली माणसं काचेतून बघत होती म्हणे. त्याच्या हातात आमचा अंक होता. तो रक्ताने असा चिकटलाय की पानं सुटत नाहीत.

नर्स म्हणाली, "यानेही सोडलं नाही कोणाला. दातांत दुसऱ्याचं मांस होतं."

त्याला बोलता येत नाही. माझी वही ओढून घेतली आणि लिहिलं, 'कोणाला सांगितलंस?' मी खाली लिहिलं, 'कोणालाही नाही.' आणि खरंच नाही, दादा. वर्गात नाही, खोडरबरनाही नाही. फक्त तुला, आणि तुला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे.

तिथे आलेल्या एका हमालाने मला शिट्टीचा अर्थ सांगितला. मागे येणाऱ्या मशीनला इशारा देणारा दर पाळीला एकच माणूस असतो, आणि शिट्टी त्याच्याच गळ्यात असते. मी त्याचं नाव झाकलं आणि गळा उघडा ठेवला. यार्डातल्या कोणाही माणसाला एका ओळीत कळलं असतं. खोडरबर त्या दिवशी फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "खोडायला हवं ते मी छान म्हणालो."

तू जपून राहा. तीच माणसं तुझ्याही मागे लागतील, तू त्याला भेटणार होतास ना? भेटलास का? काही पाहिलंस का? पाहिलं असशील तर मला सांग. मी नाव झाकीन. या वेळी नीट झाकीन.

टकली

२७ मार्च

टकले,

अक्षर वाकडंतिकडं आहे. उजवा हात दारात सापडला. शेड तीनच्या. डाव्याने लिहितोय.

त्याचं वाईट झालं. मी गेलोच नाही त्या दिवशी, बरं नव्हतं. मला काही माहीत नाही. फडकी बांधलेल्यांना कोण ओळखणार? पोलीस आले होते, विचारून गेले. तू इस्पितळात जाऊ नकोस. उगाच तुझं नाव नको यात. शिकायला गेली आहेस, शिक.

माझी काळजी करू नकोस. हात बरा होईल.

दादा

३१ मार्च

दादा,

फोन हातात घेतला होता. केला नाही. फोनवर तू हसशील आणि मी विश्वास ठेवीन.

शेड तीनला दार नाही. तू मला ते लिहून पाठवलं होतंस, आणि मी पाहिलीही आहे. पण मला शेडवरून नाही कळलं. 'दारात सापडला' एवढे दोन शब्द वाचले आणि कळलं. ते खोटं माझंच आहे, मी सात वर्षांची असताना बनवलेलं. तू ते माझ्यावरच कसं वापरलंस? इतकी वर्षं मी ते तुझ्यासाठी वापरलं.

मग मी तुझी सगळी पत्रं पुढे मांडली आणि बातमी तपासतात तशी तपासली. प्लास्टिकची की पितळेची. पुन्हा भेटणार का. घरी यायचा असला तर. मी तुझं मन मोठं आहे असं लिहिलं होतं, दादा. मला त्या ओळीची किळस येते. त्याचा जबडा चौघांनी मोडला असेल, पण त्याला दुपारच्या बसमधून उतरवून तुमच्या हवाली मी केलं.

काल इस्पितळात गेले होते. तुझं नाव वहीत लिहून त्याच्यासमोर धरलं. त्याने डोळे मिटले. त्याने तुझं नाव अजून पोलिसांना दिलेलं नाही. का, असं मी लिहिलं. त्याने खाली लिहिलं, 'तू पोरगी चांगली आहेस.' त्याची मुलगी पायाशी बसली होती. तिला कळत नव्हतं मी का रडते आहे.

म्हणजे मी गप्प बसले तर तू सुटतोस. कोणाला काही कळणार नाही. तो माझ्यासाठी गप्प बसेल आणि मी तुझ्यासाठी, आणि ती पोरगी मोठी होईपर्यंत तिचा बाप पातळ पेज नळीने पीत राहील.

मी खोडरबरना सांगितलं. ते म्हणाले, "ही बातमी दुसऱ्या कोणाला दे. बहिणीने भावाची बातमी करू नये." मी म्हटलं, शिट्टी माझ्या हातून गेली, हेही माझ्याच हातून जाईल. शहरातलं दैनिक रविवारी छापायला तयार आहे. ब्रेकसकट, 'ठीक'सकट. ते लिहिणाराही तूच होतास ना? सकाळची वही मुकादमाकडे असते, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याला आधी लेखी विचारायचं, असा नियम आहे. म्हणून विचारते. आपल्यावर असा आरोप आहे की आपण अन्य तिघांसह त्या कामगाराला मारहाण केली. याबाबत आपलं म्हणणं काय आहे? उत्तर शुक्रवारपर्यंत मिळावं.

'आपण' लिहिताना पेन उचलत नव्हतं. चौदा फटके मी विसरले नाही, दादा. आयुष्यभर विसरणार नाही. तू नसतास तर माझीच पाठ फुटली असती.

टकली

४ एप्रिल

टकले,

हे पत्र हमालाबरोबर हातोहात पाठवतोय. टपालाने गेलं असतं तर शुक्रवार चुकला असता.

वहीत 'ठीक' मीच लिहिलं. अठरा सकाळी. साहेब म्हणायचे, जहाज लागलंय, एवढा माल उतरू दे, मग दुरुस्त करू. मला ठाऊक होतं ब्रेक लागत नाही. त्या हमालाने मला मुकादम म्हणून हाक मारली तेव्हा मी मशीन पुढे घ्यायला सांगितलं, आणि तो मेला. त्यानंतर झोपेत मला तेवढंच ऐकू येतं. शिट्टीवाल्याने माझ्यासमोर तीनदा सांगितलं होतं की गाडी बंद ठेवा. तो बोलला असता तर मी आत गेलो असतो. मी आत गेलो तर तुझं काय, असं स्वतःला सांगितलं. तुझ्या नावावर ढकललं. ते खोटं होतं, मी घाबरलो होतो.

त्याला नुसतं दरडावायचं ठरलं होतं. साहेबांची तीन माणसं होती. पट्टा मी माझा काढला. टकले, तो काढताना हाताला सवय असल्यासारखं वाटलं. मी कधी कोणावर उगारला नव्हता गं. बघून बघून शिकलो असणार.

फडकं असूनही त्याने मला ओळखलं. "मुकादम, तुम्ही?" एवढंच म्हणाला. त्या तिघांना ऐकू गेलं, बसमधल्यांना जाईल असं वाटलं, म्हणून शिट्टी त्याच्या तोंडात मी घातली. तेव्हा तो चावला. अंगठ्याचं पेर गेलंय, डॉक्टर म्हणतात आता जुळणार नाही. टाच मात्र माझी नव्हती. पण शिट्टी माझी, म्हणजे तीही माझीच धर.

तुझे सर विचारतात ना, बेदम म्हणजे किती? लिहून घे. पट्ट्याचे एकोणीस. मी मोजतोय हे मला एकोणिसाव्याला कळलं. मग थांबलो. बाबांच्या पुढे पाच गेलो.

साहेबांचं नाव, त्या तिघांची नावं, वहीची पानं सगळं हमालाजवळ दिलंय. पानं फाडून आणली आहेत, नीट सांभाळ. सोमवारी सकाळी मी ठाण्यात जातोय. तू रविवारी छाप. आधी छापलंस तर मला माघारी फिरता येणार नाही, नाहीतर मी फिरेन, मी स्वतःला ओळखतो आता.

शिट्टीवाल्याला सांग, त्याने गप्प बसू नये. तुझ्यासाठीसुद्धा.

आणि बातमीत लिहावं लागेल की मुकादमाचा उजवा हात जखमी आहे. कशाने, तेही लिही. माणूस चावला म्हणून लिही. या वेळी दाराला मधे घेऊ नकोस.

दादा